यशवंतराव होळकरांचे विसर्जन: मुलुंड ते मढ

प्रथम तारखा, मग जबाबदार व्यक्ती, मग प्रवास. हा क्रम मी हेतुपुरस्सर ठेवला आहे. प्रवासवर्णनात निसर्ग आधी आला की जबाबदारी मागे पडते, असा अनुभव आहे.

१९८३ च्या गुढीपाडव्यास, मुलुंड येथील आमच्या वसाहतीमागील बागेला महाराजा यशवंतराव होळकर यांचे नाव द्यावे, असा अर्ज मी महापालिकेकडे केला. १९८५ च्या दसऱ्यास आमच्या रहिवासी मंडळाने तसा ठराव केला. १९८६ च्या दिवाळीत नाव मंजूर झाले, ते एका अटीवर: १९८७ च्या मार्चअखेर मंडळाने स्वखर्चाने महाराजांचा अर्धपुतळा बागेत उभारावा, न उभारल्यास मंजुरी रद्द होऊन यादीतील पुढील नाव विचारात घेतले जाईल. १९८७ च्या संक्रांतीनंतरच्या रविवारी पुतळा साकीनाक्याच्या कारखान्यातून टेम्पोने मुलुंडला यावयास निघाला. तो आला नाही.

जबाबदार व्यक्ती: मंडळाचे अध्यक्ष श्री. दाजी परब, टेम्पोत त्यांच्यासमवेत बसलेले कार्यकारिणीचे समस्त सभासद, आणि अंशतः अंधेरीचे एक गुरुजी, ज्यांच्याविषयी पुढे येईल. यादीतील पुढील नाव श्री. परब यांच्या दिवंगत सासऱ्यांचे आहे. हे वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो, आरोप म्हणून नव्हे.

ज्या वाचकांना महाराजांची माहिती नाही (आणि ठरावावर हात वर करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती नव्हती) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्रज एकेका संस्थानिकाला तहात गुंडाळत असताना हा मनुष्य तहाला राजी नव्हता. १८०४ साली मुकुंदऱ्याच्या खिंडीतून त्याने इंग्रजांच्या एका कर्नलला पळवून लावले. इतर राजांनी एकत्र यावे म्हणून त्याने त्यांना पत्रे लिहिली. ते आले नाहीत. अखेर त्यालाही तह करावा लागला; पण त्यानंतर तो भानपुऱ्यास बसून तोफा ओतवीत राहिला आणि १८११ साली तेथेच वारला. बंदुकीच्या अपघातात त्याचा एक डोळा गेला होता. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण सगळा प्रवास तिच्यामुळे घडला.

मुलुंड

मी त्या रविवारी साताऱ्यास बंधूंच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो. परतल्यावर बागेत रिकामा चौथरा दिसला. चौथऱ्यावर कोणीतरी गोधडी वाळत घातली होती. मी श्री. परब यांच्या घरी गेलो. दाजी परब मूळचे मालवणकडचे, गिरणीत उमेदीची वर्षे काढलेले, आता जागा भाड्याने देण्याघेण्याचा व्यवसाय करतात. त्यांनी मला बसवले, सोलकढी दिली आणि कोणताही संकोच न बाळगता सांगितले की पुतळ्याचे विसर्जन करण्यात आले आहे.

मी विचारले, कोणत्या अधिकारात?

“साहेब, डोळो फुटलेलो,” परब म्हणाले. “सिग्नलाक टेम्पो थांबलो, मी कापड वर करून बघलंय, तर एक डोळो गेलेलो. फुटलेली मूर्ती शिवेच्या आत आणूची नाय, ह्या तुमका सांगूक व्हया?”

मी निदर्शनास आणले की डोळा फुटलेला नव्हता. तो तसा घडवण्यात आला होता. ही बाब मी मंडळाच्या सभेत तोंडी आणि सविस्तर सांगितली होती.

“तेव्हा चाय इली,” परब म्हणाले. ते खरे होते.

त्यांनी पुढे सांगितले की सगळे रीतीनेच झाले. खंडित मूर्ती मुलुंडच्या हद्दीत न आणता टेम्पो तसाच पश्चिमेकडे वळवला, अंधेरीहून गुरुजी घेतले, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर दहीभात दाखवला, नारळ फोडला. परबांच्या पत्नी आतून म्हणाल्या की ह्यांनी त्या दिवशी उपासदेखील धरला होता. मनुष्य अप्रामाणिक असता तर माझे काम सोपे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवीत धोतर, बंडी, औषधाच्या गोळ्या आणि ठरावाची प्रत घेऊन निघालो. टेम्पो ज्या वाटेने गेला त्याच वाटेने जायचे आणि पुतळ्याचे नेमके काय झाले ते पाहायचे, असे ठरवले होते.

साकीनाका

घाटकोपरला बस बदलावी लागते. तेथे एका गुजराती उपाहारगृहात मी डाळभात मागवला. डाळीत गूळ होता. वाढप्याला विचारले तर तो म्हणाला, गूळ नसेल तर ती डाळ कशी? ज्या भागात गृहीतके इतकी वेगळी आहेत तेथे मनुष्याने जपून जेवावे.

साकीनाक्यास मी मुलुंडमध्ये चौतीस वर्षे राहूनही कधी उतरलो नव्हतो. मुलुंडकराला साकीनाका म्हणजे बसच्या खिडकीतून येणारा आवाज. उतरल्यावर कळते की तो एक आवाज नसून अनेक आहेत: पत्रा ठोकण्याचा, कानस घासण्याचा, पट्टा फिरण्याचा, आणि या सर्वांवर मात करून बोलणाऱ्या माणसांचा. आमच्याकडे बोलणाऱ्याने आवाज चढवला की भांडण समजतात. येथे तो ख्यालीखुशाली विचारत असतो.

शिल्पकार गौतम वानखेडे यांचा कारखाना एका गाळ्यात आहे. मूळ अकोल्याकडचे, चाळिशीचे, बोलण्यात तेज. गाळ्यात भिंतीशी दोन बुद्ध, एक अर्धवट साईबाबा आणि कोणत्याशा दुकानाचा हसरा हत्ती उभा होता. मी नाव सांगताच ते म्हणाले, “या देवस्थळीसाहेब. बसला ना राजा? कसा दिसतो?”

काय झाले ते मी सांगितले. त्यांनी हातातला ब्रश डब्यात ठेवला.

“समुद्रात?” ते म्हणाले. “अहो, दोन डोळे साच्यातून येतात. धा मिनिटांचं काम. तो गेलेला डोळा मी हातानं बनवला. पापणी कशी बसते, गाल कसा ओढतो, तीन दिवस खपलो यार. आणि त्याच डोळ्यापायी वाट लागली?”

मी म्हणालो की वस्तुस्थिती तशी आहे.

 मग त्यांनी सांगितले की त्या दुपारी परबांनी कुठूनसा फोन करून डोळा दुरुस्त करून मिळेल का असे विचारले होते. वानखेड्यांनी उत्तर दिले की डोळा दुरुस्तच आहे, राजाचा तसाच होता. त्यावर परब म्हणाले, राजाचा असेल, मूर्तीचा नसतो. आणि फोन ठेवला. म्हणजे अज्ञानाचा बचाव श्री. परब यांना उपलब्ध नाही. हे मी तेथेच, हत्तीच्या पाठीवर कागद ठेवून टिपून घेतले.

निघताना वानखेडे गाळ्याच्या दारापर्यंत आले. “एक सांगू? फायबरचा आहे तो. आतून पोकळ, बूड सीलबंद. बुडायचा नाही. बुडवायचाच होता तर दगडाचा सांगायचा ना.”

तोपर्यंत मी दोषारोपाच्या हेतूने प्रवास करीत होतो. येथून पुढे पुतळा परत आणण्याच्या हेतूने केला. मार्चअखेरीस अजून अवकाश होता.

अंधेरी

रात्री अंधेरीस साडूंकडे उतरलो. अंधेरीचे लोक मुलुंडला ‘तिकडे’ म्हणतात. साडूंनी विचारले, तिकडे पाणी येते का? तिकडे थंडी असते का? मी चौतीस वर्षांपूर्वी तिकडे राहावयास गेलो तेव्हाही त्यांनी हेच विचारले होते. त्यांच्याकडे संध्याकाळी सातला जेवतात व नऊला पुन्हा काहीतरी खातात, आणि त्यास खाणे म्हणत नाहीत. मी निमूटपणे दोन्ही वेळा खाल्ले.

सकाळी गुरुजींना गाठले. साठीचे, सौम्य, घाईत. त्यांना प्रसंग स्पष्ट आठवत होता. यजमानांनी ‘महाराजांचे विसर्जन आहे’ एवढेच सांगितले होते. कोणते महाराज, हे गुरुजींनी विचारले नाही. महाराज पुष्कळ असतात. कापड गुंडाळलेले होते. त्यांनी मंत्र म्हटले, पाण्यापर्यंत गेले, परतले.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला. ज्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, जी देवाची नाहीच, जी कारखान्यातून निघून बागेतसुद्धा पोहोचलेली नाही, ती खंडित होऊ शकते काय?

गुरुजींनी उपरणे सावरले. “प्रतिष्ठाच नाही झालेली?”

“नाही.”

“मग मी विसर्जन कशाचं केलं?” ते म्हणाले.  नंतर त्यांनी आपण होऊन सांगितले की दक्षिणा परत करण्यास ते तयार आहेत, मात्र नारळ फोडला गेला आहे. मी त्यांचे नाव जबाबदार व्यक्तींमध्ये ‘अंशतः’ असे ठेवले, ते या सौजन्यामुळे.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. लाटेने कापड सुटले, तरी महाराज बुडाले नाहीत. मंडळी नमस्कार करून वळली तेव्हाही ते दिसत होते. “उत्तरेकडे चालले होते,” गुरुजी म्हणाले. वर्सोव्याच्या उत्तरेस खाडीचे मुख आहे, आणि खाडीच्या पलीकडे मढ.

वर्सोवा आणि पलीकडे

वर्सोव्याच्या धक्क्यावरून लहान होडी मढला जाते. भरतीला ती धक्क्याशी लागते. ओहोटीला प्रवाशांनी चिखलातून होडीपर्यंत यावे अशी अपेक्षा असते. कोणती वेळ केव्हा, हे सांगणारा फलक नाही. मी ओहोटीला गेलो. डावी चप्पल चिखलाने ठेवून घेतली. होडीतल्या मासळीवाल्या बाईने ती परत मिळणार नाही असे सांगितले आणि उजवीही टाकून द्यायचा सल्ला दिला, कारण एक चप्पल कोणाच्याच उपयोगाची नसते. मी उजवी पिशवीत ठेवली. मालमत्तेचा त्याग घाईने करू नये.

मढचे वर्णन करावयाचे तर: एका बाजूस माड, दुसऱ्या बाजूस वाळत घातलेले बोंबील, मध्ये क्रूस आणि देवळे शेजारी शेजारी, आणि अधूनमधून एखादा बंगला, ज्यात राहते कोणी नाही पण चित्रपटांतले लोक दिवसभर रडतात. मुलुंडला आपण डोंगराकडे पाठ करून राहतो, डोंगराला त्याचे काही वाटत नाही. येथे एकही घर समुद्राकडे पाठ करून नाही. घरे त्याच्यावर नजर ठेवून असतात.

मी अनवाणी, पहिल्याच वळणावर विचारले की अलीकडे समुद्रातून पुतळा आला काय. मला वाटले होते लोक हसतील. त्यांनी फक्त विचारले, “सरदार? धाकू तांडेलाच्या वट्यावर.” तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, वटा म्हणजे घरापुढचा ओटा.

वटा स्वच्छ सारवलेला होता. एका बाजूस जाळ्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूस उलट्या पाटीवर महाराज, तोंड समुद्राकडे. पागोट्याच्या कडेला थोडा रंग उडाला होता. बाकी शिल्प निर्दोष होते. हा पुतळा मी प्रथमच पाहत होतो. डाव्या बाजूने गेले की राजा जागा दिसत होता, उजव्या बाजूने गेले की झोपलेला. मी दोन्ही बाजूंनी पाहिले.

घरधनीण हिराबाई बाहेर आली. मी ठरावाची प्रत काढून मंडळाचा मालकी हक्क सांगू लागलो. तिने ऐकून घेतले, पाणी दिले आणि म्हणाली, “आमी चोरला नाय. तुमी टाकला, आमी उचलला.”

येथे मला थांबावे लागले. आयुष्यभर न्यायालयात शिरस्तेदारी केलेल्या माणसाला या वाक्याचे वजन कळते. हरवलेली वस्तू मालकाची राहते. परंतु जिच्यावरचा हक्क मालकाने जाणूनबुजून, नमस्कार करून सोडला, ती उचलणाऱ्याची होते. मंडळाने नुसता हक्क सोडला नव्हता, दहीभात दाखवून सोडला होता. मी प्रत परत पिशवीत, चपलेशेजारी ठेवली.

मग धाकू तांडेल आले. सत्तरीकडे झुकलेले, बुटके, दणकट. त्यांचा उजवा डोळा नव्हता. पुढे कळले की फार वर्षांपूर्वी गळाचा दोर तुटून तो गेला. अजूनही होडी तेच नेतात. हिराबाईने सांगितले की त्या दिवशी आणखी दोन होड्यांनी पुतळा पाहिला होता. फुटकी मूर्ती आहे म्हणून त्या बगल देऊन गेल्या. धाकूंनी मात्र होडी वळवली.

मध्यंतरी शेजारच्या बंगल्यातली चित्रपटाची मंडळी पुतळा भाड्याने मागायला आली होती. नायिकेच्या आजोबांच्या जागी ठेवायचा होता. दुसरा डोळा रंगवून देतो, असेही म्हणाली. धाकूंनी त्यांना चहा पाजून वाटेला लावले.

दुपारी मला जेवायला बसवले. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, चिंचेचे सार. मी शाकाहारी आहे. बोंबील कडेला सारले ते हिराबाईने पाहिले, उचलले आणि त्या जागी गुळाचा खडा ठेवला. घाटकोपरच्या डाळीविषयी मी जे लिहिले आहे ते काढून टाकीत नाही, पण तो गूळ मी खाल्ला.

जेवण झाल्यावर धाकूंनी विचारले, “हा कोण?”

मी सांगितले. सुरुवातीपासून, मुकुंदऱ्यासकट. ते ऐकत होते की नाही हे कळत नव्हते. जाळ्याची गाठ मारीत होते. शेवटी त्यांनी विचारले, “डोला कसा गेला?”

“बंदूक फुटली. अपघात.”

“मंग?”

“मग काय? लढले.”

“एक्या डोल्यानं?”

“एकाच.”

धाकूंनी गाठ ओढून घट्ट केली. “मंग टाकला कशाला?”

मी चाळीस वर्षे उलटतपासण्या लिहून घेतल्या आहेत. इतका सरळ प्रश्न त्यांत क्वचितच आला. मी रीत सांगितली: खंडित मूर्ती शिवेच्या आत आणीत नाहीत. धाकू उठले आणि घरामागे गेले. हिराबाईने आवाज खाली करून सांगितले की नारळी पुनवेला पहिला नारळ तांडेलाने सोडायचा असतो. डोळा गेल्यापासून तो मान धाकटा भाऊ घेतो. कोणी धाकूंना नको म्हणाले नाही. कोणी या असेही म्हणाले नाही.

मी तिला स्पष्ट सांगितले की मार्चअखेरपर्यंत पुतळा चौथऱ्यावर बसला नाही, तर नाव जाईल आणि चार वर्षांची खटपट फुकट जाईल. कायद्याने मला तो मागता येत नाही, म्हणून विनंती करतो.

“न्या ना,” ती म्हणाली. “आमाला काय करायचाय राजा? पन तुमी एकटे नेनार, आनि तिकडं लोक तेच हाय. उद्या परत टाकतील. आमी किती वेला काढायचा?” मग तिने अट सांगितली. “ज्यानी टाकला त्यानी यावा. हितं वट्यावर, ह्यांच्यासमोर सांगावा, हा मोडका नाय. मंग उचला.”

मी अट लिहून घेतली व तिला वाचून दाखवली. तिने एक दुरुस्ती सुचवली: “समद्यांसमोर.” ती मी समाविष्ट केली. धाकूंनी मला आपल्या होडीतून वर्सोव्यास पोहोचवले.  उतरताना त्यांनी माझा दंड धरून मला थेट कोरड्या पायरीवर उभे केले.

मुलुंड, परतल्यानंतर

श्री. परब यांना मी अट कळवली. ते म्हणाले, जाऊन यायला आपली ना नाही, परंतु जे खंडित आहे त्याला खंडित नाही कसे म्हणायचे? देवाधर्माचा प्रश्न आहे. कार्यकारिणीने यावर विचार करण्यासाठी एप्रिलमध्ये सभा ठेवली आहे. मार्चअखेर एप्रिलच्या आधी येते, हे मी लेखी कळवले आहे.

सबब, या मासिकाच्या वाचकांसमक्ष माझी मागणी अशी. येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता श्री. दाजी परब यांनी कार्यकारिणीसह बागेतील रिकाम्या चौथऱ्याशी उभे राहून एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: यशवंतराव होळकर खंडित आहेत काय? उत्तर एका शब्दात द्यावे, सर्वांना ऐकू जाईल असे.

उत्तर ‘नाही’ असेल, तर टेम्पो मी सांगून ठेवला आहे.

उत्तर ‘होय’ असेल, तरीही तो टेम्पो मढलाच जाईल. श्री. परब यांनी त्यात बसावे, धाकू तांडेलांच्या वट्यावर उतरावे आणि हेच उत्तर त्यांच्या तोंडाकडे पाहून द्यावे.